माझा कोड १५-११२१

माझं काम नेमकं काय, हे २०१४ साली एका वकिलाने नऊ-दहा ओळींत लिहून ठेवलं. त्या वकिलाला मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोनवर थोडं बोलणं झालं, त्याने एक प्रश्नावली पाठवली, ती मी भरली, माझ्या मॅनेजरने तिच्यात इकडेतिकडे काटछाट केली आणि त्यातून ते वर्णन तयार झालं: विम्याचे दावे हाताळणाऱ्या लोकांशी बोलून त्यांना काय हवंय ते समजून घेणे, ते नीट लिहून काढणे, संगणकप्रणालीत कोणते बदल लागतील ते ठरवणे, चाचण्यांवर लक्ष ठेवणे. वर एक आकडा, १५-११२१. अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात हा आकडा कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्टचा. २०१८च्या नव्या वर्गीकरणात तो १५-१२११ झाला, पण माझ्या फाइलमध्ये जुनाच आहे.

तेव्हा मी पस्तिशीत होते. आता चाळिशीही मागे पडून बराच काळ झाला. ज्या प्रणालीबद्दल ते लिहिलं होतं ती कंपनीने कधीच बंद केली, तो मॅनेजर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला, मीही ती कंपनी सोडली. त्या ओळी मात्र माझ्याबरोबर आहेत, कारण ग्रीन कार्डाचा अर्ज अजून त्यांच्यावरच उभा आहे. अर्ज चालू असताना नोकरी बदलता येते का, असं हल्ली बरेच जण विचारतात. डॅलसहून मामेभाऊ विचारतो, ह्यूस्टनहून मैत्रिणीची भाची विचारते. येते. मी बदलली. पण कंपनी सुटली म्हणून त्या ओळी सुटत नाहीत, आणि ही बाजू आधी कुणी सांगत नाही.

मी राहते हार्टफर्डजवळ, कनेटिकटमध्ये. विमा कंपन्यांचं गाव. न्यू जर्सीसारखी इथे पावलोपावली देशी दुकानं नाहीत. बर्फ आणि विमा मात्र भरपूर. आमच्यासारखे शेकडो लोक इथे विम्याच्या संगणकांवर जगतात.

नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचे साधारण तीन टप्पे. पहिला पर्म. कंपनीने कामगार खात्याला दाखवून द्यायचं की या जागेसाठी लायक, तयार आणि उपलब्ध असा अमेरिकन माणूस शोधूनही मिळाला नाही. आता शोधायचं म्हणजे जाहिरात द्यायची. दोन रविवारी वर्तमानपत्रात, राज्य सरकारच्या रोजगार केंद्राकडे तीस दिवस, आणि शिवाय कामाच्या ठिकाणी दहा कामकाजी दिवस एक नोटीस लावायची. वर्तमानपत्रातली जाहिरात माझ्या नवऱ्याने कापून ठेवली. आपल्याच नोकरीची जाहिरात नाश्त्याच्या टेबलावर वाचायची आणि लायक माणसाने ती वाचू नये अशी आशा करायची, हा अनुभव काही फार उदात्त नाही. तसा माणूस पुढे आला असता तर फाइल तिथेच थांबली असती.

पण जास्त लक्षात राहिली ती नोटीस. आमच्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या शेजारी एक बोर्ड होता. त्यावर आग लागल्यावर कुठल्या जिन्याने उतरायचं त्याचा नकाशा, कुणाच्या तरी मुलीच्या गर्ल स्काउट बिस्किटांची यादी, आणि या दोघांच्या मधे माझा कागद. नाव नव्हतं, नाव असायची गरजही नसते. पद, कामाचं वर्णन, लागणारं शिक्षण आणि पगार. पगार लिहावाच लागतो. त्या मजल्यावर हे वर्णन लागू पडेल अशी मी एकटी. त्यामुळे डबे गरम होईपर्यंत उभे राहणारे सगळे जण माझा पगार वाचत होते, जो माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हता. साठीच्या एक बाई होत्या, दावे विभागातल्या. त्यांचं सूप आत फिरत होतं आणि त्या तो कागद अगदी सावकाश, ओळीवर बोट ठेवल्यासारखा वाचत होत्या. मी मागे डबा घेऊन उभी. वळून माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "बाहेर फार गार आहे ना आज." मला त्यांचं फार बरं वाटलं.

दुसरा टप्पा आय-१४०. कंपनी इमिग्रेशन खात्याला सांगते की ही बाई त्या जागेला योग्य आहे आणि हा पगार देण्याची आमची ऐपत आहे. तो मंजूर झाला की पर्म ज्या दिवशी दाखल झालं ती तुमची प्रायॉरिटी डेट. माझी ऑक्टोबर २०१४. तिसरा टप्पा आय-४८५, खरा ग्रीन कार्डाचा अर्ज. तो भरायला तुमच्या तारखेचा नंबर यावा लागतो, आणि तिथे सगळं अडतं.

अडण्याचं गणित तोंडपाठ आहे. १९९०च्या कायद्याने नोकरीवरून वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्के. ईबी-टू श्रेणीच्या, म्हणजे उच्च शिक्षण लागणाऱ्या जागांच्या (माझी हीच), वाट्याला चाळीस हजार येतात, त्यातले सात टक्के म्हणजे सुमारे अठ्ठावीसशे. त्यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजायची. इतर देशांचं काही उरलं तर ते वर. भारत आणि आइसलँड यांना मर्यादा एकच. नागरिकत्व कुठलं याला महत्त्व नाही, जन्म कुठे झाला याला आहे. आमच्या ओळखीत एक कोथरूडची मुलगी आहे, तिचे वडील ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीला होते आणि तिचा जन्म तिथला. शाळा, कॉलेज, लग्न सगळं पुण्यात. पण कायद्याच्या दृष्टीने ती ओमानची, आणि ओमानला तेव्हा रांगच नव्हती. बायकोचा जन्मदेश नवऱ्यालाही वापरता येतो. त्यामुळे सांगलीत जन्मलेला तिचा नवरा तिच्याबरोबर दीड-दोन वर्षांत कार्ड घेऊन मोकळा झाला. त्यांच्या घरी कार्डाची पार्टी होती तेव्हा जावयाने सासऱ्यांचे मस्कतला गेल्याबद्दल जाहीर आभार मानले.

बाकी आम्ही सगळे बुलेटिन बघत बसलो. महिन्याच्या मध्यावर कधीतरी परराष्ट्र खातं पुढच्या महिन्याच्या तारखा काढतं. मंडळाच्या गणपतीत नवीन जोडपं आलं की आधी गाव, मग कंपनी, मग तारीख. पूर्वी स्थळ बघताना गोत्र विचारत तशी आमच्याकडे प्रायॉरिटी डेट विचारतात, आणि ऐकून मान हलवायची तऱ्हाही तीच.

या मधल्या काळात, म्हणजे १४० मंजूर आहे पण ४८५ भरता येत नाही, अशा अवस्थेत आपल्यातले सर्वाधिक लोक आहेत. त्यांना नोकरी बदलायला कायद्याची आडकाठी नाही. नव्या कंपनीने एच-वनचा, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज भरला की कामाला लागता येतं, जुन्या १४० च्या बळावर एच-वनच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढेही तीन-तीन वर्षांची मुदत मिळते, आणि जुनी तारीख आपल्याकडेच राहते. फक्त नव्या कंपनीला पर्म आणि १४० पहिल्यापासून करावं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये निघालेल्या आणि १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने तर हेही पक्कं केलं की १४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने नंतर तो मागे घेतला तरी तारीख जात नाही. लबाडी किंवा मोठी चूक निघाली तर गोष्ट वेगळी.

मग लोक का बदलत नाहीत? मी का नाही बदलली इतकी वर्षं? कारण नियम वकिलाला कळतो आणि भीती आपल्याला. पुन्हा पॅन्ट्रीत कागद लागणार. नव्या कंपनीने पर्म सुरू करायला "आधी एक वर्ष काम करून दाखवा" म्हटलं तर? मधेच मंदी आली तर? कामगार खात्याने फाइल तपासणीला घेतली तर? यातलं प्रत्येक कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडलेलं असतं आणि ते रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं वरच्या पदावर गेली. मला विचारणा झाली तेव्हा मॅनेजर म्हणाला, आधी वकिलाला विचारूया, उगाच फाइलला धक्का नको. त्याने हे काळजीपोटी म्हटलं यात मला शंका नाही. माझं ठाम मत असं झालंय की कंपन्या वाईट असतात असं नाही, त्यांना वाईट वागायची गरजच पडत नाही. कुणी धमकावत नाही, कुणी पासपोर्ट काढून घेत नाही. आपणच पगारवाढीच्या बैठकीत आवाज खाली ठेवतो.

तिसऱ्या टप्प्याची गोष्ट वेगळी. त्यासाठीचा कायदा २००० सालचा. १७ ऑक्टोबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. आमच्यात त्याला एसी-ट्वेंटीवन म्हणतात. त्याआधी ४८५ वर्षानुवर्षं पडून राहायचा आणि तेवढा काळ माणूस त्याच कंपनीला बांधलेला. मधे कंपनी बुडाली की अर्जही बुडाला. या कायद्याने म्हटलं, ४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले आणि तो अजून पडूनच असेल, तर माणसाने दुसरीकडे जावं. अर्ज चालू राहील. अट एकच, नवं काम त्याच किंवा त्याच्यासारख्या व्यवसाय-गटातलं हवं.

मंडळातले एक काका आहेत, ते या कायद्याच्या पहिल्या पिढीतले. जुलै २००७ची कथा त्यांच्याकडून ऐकावी. त्या वर्षी जूनच्या मध्यावर निघालेल्या बुलेटिनमध्ये जुलैसाठी जवळजवळ सगळ्या श्रेणी एकदम खुल्या झाल्या. लोकांनी रजा काढून डॉक्टरी तपासण्या केल्या, माहेरी गेलेल्या बायकांना परत बोलावून घेतलं, आणि २ जुलैला खात्याने सांगितलं की नंबर संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा हिंदुस्थानात गांधीगिरीची लाट होती. इथल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ते लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे धाडले. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. काकांचा त्यातलाच. "फुलं पाठवून सरकार हललेलं मी पाहिलंय," असं ते अजून सांगतात, आणि पुढे लगेच, "म्हणून लगेच कुंकवाचा करंडा पाठवायला जाऊ नका."

माझी वेळ आली ऑक्टोबर २०२० मध्ये. करोनामुळे परदेशातल्या वकिलाती बंद, कुटुंबावरून मिळणारे हजारो व्हिसा न वापरता राहिले आणि नियमाप्रमाणे ते पुढच्या आर्थिक वर्षात नोकरीवाल्यांकडे आले. एका वर्षी १,४०,०००च्या जागी दोन लाख साठ हजारांवर, पुढच्या वर्षी दोन लाख ऐंशी हजारांवर. बुलेटिनमधल्या अर्ज भरण्याच्या तक्त्यात ईबी-थ्रीची, म्हणजे एक पायरी खालच्या श्रेणीची, तारीख १ जानेवारी २०१५ लागली. माझी ऑक्टोबर २०१४. जेमतेम आत. फक्त माझं १४० ईबी-टूचं होतं, त्यामुळे त्याच पर्मवर कंपनीने ईबी-थ्रीचं नवं १४० भरलं आणि सोबत आमचे ४८५. जागतिक साथ चालू असताना लस टोचलेल्याचे दाखले शोधणं, सातारच्या नगरपालिकेतून आलेला जन्मदाखला, डॉक्टरने चिकटवून दिलेला आणि काही झालं तरी उघडायचा नाही असा लिफाफा. आमच्या टीममध्ये माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा एक इंदूरचा मुलगा होता. त्याची तारीख मार्च २०१५. आम्ही दोघं एकाच वर्षी एकाच कंपनीत लागलो होतो. त्याचं पर्म वकिलाच्या टेबलावर थोडं जास्त पडून राहिलं, एवढाच फरक. तो बाहेर राहिला.

अर्जांचा इतका पूर आला की पोच मिळायला कित्येकांना नवं वर्ष उजाडलं. पण १८० दिवस मोजायचे ते पोच छापल्याच्या तारखेपासून नाही, अर्ज खात्याच्या हातात पडल्याच्या तारखेपासून. हा बारकावा मोलाचा आहे.

२०२१च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दुसऱ्या एका विमा कंपनीकडून विचारणा आली. पद सीनियर बिझनेस सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट, पगार चांगलाच जास्त. मला जायचं होतं. आता प्रश्न त्या ओळींचा. नवं काम जुन्यासारखंच आहे हे दाखवायचं तर जुनं काम कागदावर काय होतं ते माहीत हवं, आणि पर्मची प्रत माझ्याकडे नव्हती. पर्म आणि १४० ही कंपनीची कागदपत्रं, अर्जदार कंपनी. मी फक्त लाभार्थी. एचआरकडे मागितली तर त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की आमच्या धोरणात बसत नाही. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, मी कंपनीचाही वकील आहे. दोघंही नियमाने वागत होते, मान्य. पण ज्या कागदावर माझं सात वर्षांचं आयुष्य टांगलेलं होतं तो मला वाचायला मिळू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यावर उपाय आहे, आणि तो प्रत्येकाने नोकरी बदलायचा विचार मनात येण्याच्याही आधी करावा. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ साली आला, इथला तसाच कायदा १९६६चा. त्याखाली इमिग्रेशन खात्याकडून स्वतःची फाइल मागवता येते. मी मागवली. काही आठवड्यांनी भलीमोठी पीडीएफ आली, मधेमधे काळ्या पट्ट्या मारलेली, आणि तिच्यात ते पर्म होतं.

एका शनिवारी मी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसले. डावीकडे जुनं वर्णन, उजवीकडे नव्या कंपनीचं. पिवळ्या पेनाने जुळणारं रंगवत गेले. गरजा समजून घेणे, दोन्हीकडे. लिहून काढणे, दोन्हीकडे. चाचण्या, दोन्हीकडे. उजवीकडे एक जास्तीची ओळ: डेटा मॉडेलिंग. ही बरी की वाईट? शिवाय डावीकडे एक जुनं सॉफ्टवेअर नाव घेऊन लिहिलेलं, जे आता कुणी वापरत नाही. नवऱ्याने चहा आणून ठेवला, दोन्ही कागद वाचले आणि म्हणाला, "अगं, पण यातलं तू आत्ता जे करतेस ते तर काहीच नाही." बरोबर होतं त्याचं. मी तेव्हा प्रत्यक्षात आठ माणसांची टीम चालवत होते. कागदावर मी अजून गरजा लिहून काढत होते, आणि सुटका हवी असेल तर तेच करणारी बाई म्हणून मला पुढे जायचं होतं.

खात्याचा यावरचा विचार तसा समंजस आहे, हे सांगायला हवं. मार्च २०१६च्या त्यांच्या मार्गदर्शनानुसार फक्त कोड बघत नाहीत. कामाचं स्वरूप, लागणारं शिक्षण आणि कौशल्य, पगार, सगळं एकत्र बघतात. पगार वाढला म्हणून काम वेगळं ठरत नाही. पुढच्या पायरीवर चढलेला माणूसही, तो जे काम करत होता तेच करणाऱ्यांवर देखरेख करत असेल तर, बहुधा बसतो. पण "बहुधा" या शब्दावर घर, शाळा आणि चार माणसं ठेवायला जीव धजावत नाही.

दुसरा पेच: ४८५ सोबत कामाचा परवाना मिळतो, ईएडी. त्यावर नव्या कंपनीत उद्या रुजू होता येतं, कंपनीला एच-वनचा अर्ज भरावा लागत नाही. किंवा एच-वन चालू ठेवायचं, म्हणजे उद्या ४८५ नाकारलं गेलंच तर पायाखाली फळी असते. काकांचं मत एच-वन कधी सोडू नये. नव्या कंपनीच्या एचआरचं मत, ईएडी असताना आम्ही खर्च का करावा. मी ईएडीवर गेले. त्यामुळे भारतातून परतताना बीकेसीतल्या वकिलातीत शिक्का मारून घ्यायची कटकट संपली, पण अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर, म्हणजे ४८५ चालू असताना परदेशी जाऊन यायच्या परवान्यावर, येणाऱ्याला विमानतळावर बरेचदा आतल्या खोलीत बसवतात. बोस्टनला ती खोली स्वच्छ आहे. टीव्ही मात्र आवाज बंद करून लावलेला असतो.

राजीनामा द्यायला गेले तेव्हा मॅनेजर मनापासून गोंधळला. अभिनंदन वगैरे म्हणण्याआधी त्याच्या तोंडून निघालं, "पण तुला जाता येतं?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. इतकी वर्षं त्याने मला, माझ्यासाठी चांगल्यात चांगलं इच्छूनही, न जाऊ शकणाऱ्यांच्या यादीत धरलं होतं. बढती, बोनस, कुठला प्रकल्प कुणाला द्यायचा, हे सगळं त्या यादीप्रमाणे. त्या एका प्रश्नाने मला मागची वर्षं जेवढी समजली तेवढी कुठल्याच वकिलाकडून समजली नव्हती.

नव्या कंपनीने सप्लिमेंट जे नावाचा फॉर्म भरून द्यायचा असतो: हे काम खरं आहे, कायमचं आहे, आणि आधीच्याशी जुळतं आहे. २०१७ पासून तो आहे. साधा फॉर्म, पण त्यांच्या कायदा विभागाला सही करायची धास्ती. इमिग्रेशनच्या कागदावर सही म्हणजे आपण काहीतरी कबूल करतोय असं त्यांना वाटत असावं. शेवटी माझ्या वकिलाने, म्हणजे या वेळी मी पदरचे पैसे देऊन नेमलेल्या, एक पत्र लिहिलं आणि सही झाली. माझा सल्ला कुणी विचारलाच तर एवढाच: या टप्प्यावर स्वतःचा वकील करा. कंपनीचा वकील सज्जन असू शकतो, पण तुमच्या आणि कंपनीच्या वाटा फुटतात नेमकी तेव्हाच तो तुमचा नसतो.

मग २०२२चा उन्हाळा आला. ईबी-टूची तारीख एकदम १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली. आदल्या वर्षी खात्याच्या हातून साठ हजारांहून जास्त कार्डं वाया गेली होती, ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपलं की न वापरलेली संपतात, म्हणून या वेळी ते जोरात होते. ईबी-थ्रीत भरलेला अर्ज पुन्हा ईबी-टूवर नेण्याची विनंती हजारो लोकांनी पाठवली, मीही पाठवली. आजूबाजूला रोज कुणाचं तरी कार्ड येत होतं. आमची फाइल काही हलली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईबी-टूचे नंबर संपल्याचं जाहीर झालं, ऑक्टोबरला तारीख एप्रिल २०१२ वर गेली आणि डिसेंबरला ऑक्टोबर २०११ वर. नोकरी बदलल्यामुळे आमची फाइल मागे पडली का? न बदललेल्यांच्याही राहिल्या. कारण कुणी सांगत नाही, त्यामुळे ज्याला जे कारण लावून घ्यायचं ते लावून घेता येतं.

त्याच हिवाळ्यात कपात सुरू झाली. माझ्या जुन्या कंपनीतही झाली आणि तो इंदूरचा मुलगा त्यात गेला. एच-वनवर असताना नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात नवीन कंपनी, नवा अर्ज, नाहीतर गाशा गुंडाळा. नाताळच्या आधीचे साठ दिवस, जेव्हा इथे कुणी मुलाखतीलाही बोलवत नाही. शेवटी तो टोरांटोला गेला. माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती तर मला हे साठ दिवसांचं घड्याळ नव्हतं. ४८५ पडून आहे तोवर इथे राहता येतं, शांतपणे नोकरी शोधता येते. दोघांमध्ये पाच महिन्यांचं अंतर. त्याने गॅरेज सेलमध्ये मला त्याचा बर्फ उपसायचा फावडा फुकट देऊ केला. मी पैसे दिले, उगाचच.

आता घरातली गंमत. अर्जाची मुख्य दावेदार मी, नवरा आणि मुलगी माझ्या शेपटाला. धाकटा इथेच जन्मला, तो जन्मतः नागरिक, त्याला यातलं काही कळत नाही आणि तो आमच्या फायलींवर डायनासोर काढतो. मुलगी पुण्यात जन्मलेली. एकविसाव्या वर्षाच्या आत तिचं काम व्हायला हवं. ते वय कुठल्या तक्त्याने मोजायचं याचं धोरण २०२३च्या फेब्रुवारीत आमच्या बाजूने बदललं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या अर्जांसाठी परत फिरलं. तो विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो, म्हणून इथे काढत नाही.

गंमत नवऱ्याची. तो मेकॅनिकल इंजिनीअर, इथे एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आला, २०१५ पर्यंत त्याला कामाचा परवानाच नव्हता. त्या काळात तो घरी काय काय शिकला ते सांगायला दुसरा लेख लागेल. आता ४८५च्या ईएडीवर त्याला काहीही करता येतं. अक्षरशः काहीही. "त्याच किंवा त्याच्यासारख्या व्यवसायाची" अट फक्त मुख्य अर्जदाराला, मागून येणाऱ्याला नाही. त्याने एका कारखान्यातली नोकरी सोडून गावात सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. हात काळे करून घरी येतो आणि खूष असतो. मी मराठी पुस्तकांचं दुकान काढायचं म्हटलं, शाळेत गणित शिकवायचं म्हटलं, तर अर्ज पडेल. जिच्या जिवावर कार्ड येणार ती बांधलेली, आणि बाकी घर मोकळं. याला अन्याय म्हणावा का, मी ठरवू शकलेले नाही. कामगार खात्याने माझ्या जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही असं मान्य केलं होतं. मग त्या जागेचं काम मी करावं ही अपेक्षा चूक नाही. पण ती अपेक्षा अकरा-बारा वर्षं टिकेल असं कायदा लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात नसणार.

या वर्षी नव्या कंपनीने मला विभागप्रमुख केलं. ही पहिली बढती जी मी नाकारली नाही, आणि ज्यात "आधी वकिलाला विचारूया" हे वाक्य दुसऱ्या कुणी नाही, मी म्हटलं. पदाचा नवा कोड ११-३०२१, कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजर. पहिले दोन आकडे मोठा गट दाखवतात. १५ म्हणजे संगणक आणि गणित, ११ म्हणजे व्यवस्थापन. म्हणजे गट बदलला. वकिलीणबाई म्हणाल्या, ज्यांच्यावर तू देखरेख करणार ते सगळे अ‍ॅनालिस्टच आहेत ना? मग हे नैसर्गिक बढतीत बसवता येईल, नीट लिहावं लागेल. मी विचारलं, नाही बसलं तर? त्या म्हणाल्या, नाही बसलं तर उत्तर द्यायची संधी देतात, आणि तू इतकी वर्षं थांबलीस त्याने काय मिळालं ते मला सांग.

मी हो म्हणून टाकलं. सोमवारी रुजूही झाले. माझ्या नव्या कामाचं वर्णन मी या वेळी स्वतः लिहिलं, एचआरने त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला. आता सप्लिमेंट जे पुन्हा आजच पाठवायचं की खात्याने विचारल्यावर, यावर वकिलीणबाई आणि कंपनीचा कायदा विभाग यांच्यात ईमेल चालू आहेत. मला सगळ्यांत सीसी ठेवलेलं असतं. आजचा तेरावा ईमेल "आम्ही आपल्या मताचा आदर करतो, तथापि" असा सुरू होतो, पुढचं अजून वाचलेलं नाही.